तपासणी घराची की इमारतीची?

घर विकणाऱ्याने काय सांगायचं आणि घेणाऱ्याने स्वतः काय शोधायचं, याची वाटणी आपल्याकडे १८८२ सालीच झाली. त्या वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर विकणाऱ्याला मिळकतीतला मोठा दोष उघड करावा लागतो. पण तो दोष त्याला माहीत असला पाहिजे, घेणाऱ्याला माहीत नसला पाहिजे, आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या लक्षात येण्यासारखा नसला पाहिजे. या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच विकणाऱ्याला जाब विचारता येतो. छताची ओल, खांबाचा तडा, गच्चीचा उखडलेला कोबा या तर उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. त्या पाहिल्या नाहीत तर दोष आपल्याच पदरात पडण्याची शक्यता जास्त. तपासणी करून घेणं हे म्हणूनच घेणाऱ्याचं काम आहे.

इंग्लंडमध्येही कायद्याचा रोख असाच आहे. तिथे घर घेणारा स्वतःच्या खर्चाने सर्व्हेयर नेमतो आणि रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स या संस्थेने ठरवून दिलेल्या तीन पातळ्यांपैकी एक निवडतो. नव्या, साध्या घराला पहिली. सर्वसाधारण घराला दुसरी. जुन्या किंवा बरेच फेरफार झालेल्या घराला तिसरी. स्कॉटलंडमध्ये तर डिसेंबर २००८पासून बहुतेक घरं विकायला काढतानाच विकणाऱ्याला तपासणीचा अहवाल तयार ठेवावा लागतो. महाराष्ट्रात तपासणीच्या पातळ्यांची अशी तयार यादी नाही. घराचं वय, बांधकामाचा प्रकार आणि आपला हेतू पाहून ती आपल्यालाच करावी लागते. ती कशी करायची, ते या प्रकरणात पाहू.

हातात असलेले अहवाल कशाचे असतात?

‘आम्ही सगळं तपासून घेतलंय’ असं सांगणाऱ्या बहुतेक कुटुंबांकडे दोन अहवाल असतात. पहिला वकिलांचा सर्च रिपोर्ट. दुय्यम निबंधक कार्यालयातले साधारण तीस वर्षांचे दस्त पाहून वकील सांगतात, की मालकी स्वच्छ आहे, गहाण किंवा बोजा नाही, व्यवहारांची साखळी तुटलेली नाही. हा अहवाल हवाच. पण तो कागदांचा असतो. वकील इमारतीच्या गच्चीवर जात नाहीत, आणि तशी अपेक्षाही नसते.

दुसरा अहवाल बँकेच्या व्हॅल्युअरचा. शुल्क आपल्याकडून जातं, म्हणून तो आपल्यासाठी केलाय असा समज होतो. प्रत्यक्षात व्हॅल्युअर बँकेच्या प्रश्नांची उत्तरं देतो: या भागात दर काय, क्षेत्रफळ किती, इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीला पुरेल का. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ शकत नाही. म्हणजे किंमत पाव हिश्शाने उतरली तरी बँकेचं मुद्दल शाबूत राहतं. बुडतो तो पाव हिस्सा आपण साठवलेल्या पैशांतून भरलेला असतो. ‘बँकेने कर्ज दिलं म्हणजे इमारत चांगली’ हा निष्कर्ष त्यामुळे फार धोक्याचा आहे.

मालकी आणि किंमत या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली, तरी तिसरा प्रश्न कोणीच विचारलेला नसतो: ज्या काँक्रीटवर हे घर उभं आहे त्याची अवस्था काय?

आपण नेमकं काय विकत घेतो?

फ्लॅट पाहताना आपण किचनचा ओटा, बाथरूमच्या टाइल्स, खिडक्या, पाण्याची वेळ पाहतो. हे सगळं बदलता येतं, आणि बदलायचं की नाही हे आपल्या हातात असतं. ज्यावर इमारत उभी आहे ते खांब, तुळया, स्लॅब, गच्ची, बाहेरच्या भिंती, पाण्याची टाकी आणि सांडपाण्याच्या पाइपलाइन मात्र सगळ्यांच्या असतात. त्यांची डागडुजी सोसायटी करते आणि खर्च सगळ्यांत वाटला जातो. समजा, तीस सदनिकांच्या सोसायटीत दुरुस्तीचं अंदाजपत्रक ९० लाखांचं निघालं. मग आपलं घर आतून कितीही देखणं असो, आपल्या वाट्याला तीन लाख येणारच.

सोसायटीकडे सिंकिंग फंड असेल, असं उत्तर यावर मिळतं. आदर्श उपविधींप्रमाणे या निधीची वर्गणी सदनिकेच्या मूळ बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का असते, आणि त्यात जमिनीची किंमत धरत नाहीत. पस्तीस वर्षांपूर्वी तीन लाखांत बांधलेल्या सदनिकेमागे हा आकडा वर्षाला साडेसातशे रुपये होतो. अनेक सोसायट्या किमान वर्गणीवरच थांबलेल्या असतात. एवढ्यात आजच्या दराने एका खांबाचं जॅकेटिंगही, म्हणजे बाहेरून नवं काँक्रीट चढवून केलेली मजबुतीही, भागत नाही.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट जिवाची. २५ जुलै २०१७ला घाटकोपरमधली एक निवासी इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. २४ ऑगस्ट २०२०ला महाडमध्ये पाच मजली इमारत पडून १६ जण दगावले. त्या इमारतीला दहा वर्षंही झालेली नव्हती. पहिली घटना सांगते, की एका मजल्यावर झालेली चूक सगळ्या मजल्यांना भोवते. दुसरी सांगते, की नवी इमारत म्हणजे पक्की इमारत असं गृहीत धरता येत नाही. म्हणूनच या प्रकरणाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: फ्लॅट घेताना तपासणी इमारतीची करा.

एका खांबापाशी

ही तपासणी कशी असते, हे पार्किंगमधल्या एकाच खांबापाशी उभं राहून समजून घेता येईल. ताज्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ असतो, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी असतं. त्यामुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं बाहेरून आत शिरत जातो आणि हा अल्कधर्म कमी करतो. समुद्राकाठी खाऱ्या हवेतले क्लोराइड तर तो संरक्षक थर थेट मोडतात. संरक्षण संपलं, की पाणी आणि हवा सळईला गाठतात. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो. त्या दाबाने काँक्रीट आतून फाटतं, आणि तडा जातो तो सळईच्या रेषेतच.

त्यामुळे खांबावर, कोपऱ्यापासून दोन-तीन बोटं आत, उभा सरळ तडा दिसला आणि त्यातून तांबूस-तपकिरी ओघळ आलेला असला, तर इंजिनिअर तिथेच थांबतो. हातोडीने हलकेच ठोकून बघतो. धड प्लास्टर खणखणीत वाजतं. सुटलेलं प्लास्टर बद्द आवाज देतं. चाचणीची परवानगी असेल तर तो थोडं काँक्रीट फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन मारतो. अल्कधर्म शिल्लक असलेला भाग गडद गुलाबी होतो, संपलेला भाग रंगहीन राहतो. ही रंगहीन पट्टी सळईपर्यंत पोहोचली असेल, तर सळईचं संरक्षण संपलं. सळईवर काँक्रीटचं आवरण किती असावं, हेही ठरलेलं आहे. आयएस ४५६ या भारतीय मानकात सौम्य हवामानासाठी ते २० मिलिमीटर आहे, तर समुद्रकिनाऱ्याच्या हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी ४५ मिलिमीटर. जुन्या इमारतींत ते बऱ्याचदा याहून कमी सापडतं.

सगळ्याच भेगा सारख्या नसतात. प्लास्टरवर जाळ्यासारख्या पसरलेल्या बारीक भेगा बहुधा प्लास्टर सुकतानाच्या असतात. त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. भिंत आणि तुळई जिथे मिळतात तिथली आडवी रेघ बहुतेक वेळा दोन वेगळ्या साहित्यांच्या कमी-जास्त प्रसरणामुळे येते. दरवाजा-खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग मात्र पाया खचल्याची खूण असू शकते. तुळईच्या तळाला, मधोमध दिसणारे उभे तडे तर कधीच दुर्लक्षू नयेत. ही पारख शिकलेल्या डोळ्यांनीच होते, म्हणून तपासणीला स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. ओळखीचा रंगारी, इंटीरियर करणारा किंवा एजंट ही जागा भरून काढू शकत नाही.

कोणत्या घराला कोणती तपासणी?

नवं घर, पाच वर्षांच्या आतलं. रेरा कायद्याच्या कलम १४(३)प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. अशा घराला चाचण्यांची सहसा गरज नसते. ताब्याआधीची बारीक तपासणी हवी. दारं-खिडक्या, नळ, वायरिंग, बाथरूमचे उतार, बाहेरच्या भिंतीची ओल, सगळं लेखी यादीत उतरवा. चटईक्षेत्र मोजून घ्या. कायद्यानुसार त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. नमुना करारात फरकाची मर्यादा तीन टक्के आहे. पुनर्विक्रीतलं चार वर्षांचं घर घेत असाल, तर पाचवं वर्ष संपण्याआधी दोष नोंदवण्याची संधी अजून आहे हे विसरू नका.

पाच ते पंधरा वर्षांची इमारत. इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरची नजर-तपासणी पुरते, पण ती पूर्ण हवी. आपल्या फ्लॅटबरोबर वरचा आणि खालचा मजला, गच्ची, टाकी, डक्ट आणि पार्किंग पाहायला सांगा. बाथरूमच्या खाली गेलेल्या स्लॅबमधली गळती आपल्या घरात दिसत नाही. ती खालच्यांच्या छतावर दिसते. कोणी बाल्कनी घरात घेतली आहे का, भिंती पाडल्या आहेत का, गच्चीवर जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवत वजन वाढवलंय का, हे याच फेरीत कळतं. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र सोबत ठेवून तपासणी केली, तर बेकायदा फेरफारही तिथेच उघडे पडतात.

पंधरा वर्षांवरची इमारत. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-बनेही तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी बंधनकारक केली आहे. म्हणून इथे पहिली मागणी करायची ती ऑडिट अहवालाची. सामाईक खांबांवर चाचण्या करायला सोसायटीची परवानगी लागते आणि एकट्या खरेदीदाराला ती मिळणं अवघड असतं. तेव्हा व्यवहार्य मार्ग असा: सोसायटीचा अहवाल मिळवा, तो आपल्या इंजिनिअरला वाचायला द्या, आणि अहवालात लिहिलंय ते जागेवर तसंच आहे का, हे त्याच्याकडून नजर-तपासणीत पडताळून घ्या. अहवाल मागताना एक लक्षात ठेवा. सोसायटीची कागदपत्रं पाहण्याचा हक्क सदस्याला असतो, होऊ घातलेल्या खरेदीदाराला नसतो. म्हणून ऑडिट अहवाल आणि गेल्या काही वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं विकणाऱ्यालाच मागायला लावा. गळतीच्या तक्रारी, दुरुस्तीची टेंडरं, वर्गणीवरचे वाद सगळं इतिवृत्तांत सापडतं. चाळीस वर्षांच्या इमारतीचं एकही ऑडिट झालेलं नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

पुनर्विकासाच्या भरवशावर घेतलेलं घर. इमारत पाडायचीच असेल, तर काँक्रीटच्या चाचण्यांवर खर्च करण्यापेक्षा जमिनीकडे लक्ष द्या. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, सोसायटीच्या नावावर झालंय का, मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचं आहे, प्रत्यक्ष क्षेत्र कागदाशी जुळतं का, हे पाहा. मात्र पुनर्विकास सुरू व्हायला अनेक वर्षं लागू शकतात आणि तोवर माणसं त्याच इमारतीत राहतात. राहायला जाणार असाल तर नजर-तपासणी टाळू नका.

बंगला किंवा प्लॉट. इथे सगळ्यात मोलाची तपासणी म्हणजे भूमी अभिलेख विभागाची मोजणी. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्दी नसतात. कुंपण वर्षानुवर्षं एका जागी आहे म्हणून हद्द तीच, असं धरून चालू नका. मोजणीचा अर्ज मालकाला करावा लागतो, त्यामुळे ती अट व्यवहारातच घाला. लगतच्या धारकांना नोटीस जाते, भूकरमापक हद्दी दाखवतो आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती हातात येईपर्यंत खरेदीखत करू नका.

कोकणातलं किंवा गोव्यातलं जुनं घर. जांभ्याच्या भिंती, लाकडी वासे आणि मंगलोरी कौलं असलेल्या घराला काँक्रीटच्या चाचण्यांचा काही उपयोग नाही. इथे वाळवी आणि ओल पाहायची. आढं, वासे आणि खांबांची बुडं टोचून बघायला सांगा. वाळवीने पोखरलेलं लाकूड वरून धड दिसतं आणि टोकदार हत्यार सहज आत शिरतं. चुन्यात बांधलेल्या भिंतींना नंतर सिमेंटचा गिलावा केलेला असेल, तर ओल आत कोंडून राहते. अशा घरांवर काम केलेला माणूसच बोलवा.

अहवाल कसा वाचायचा?

ऑडिट अहवालात आकड्यांची कोष्टकं असतात. त्यांतली दोन-तीन समजली तरी पुष्कळ. काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजतात. १९९२च्या भारतीय मानकात सेकंदाला साडेतीन किलोमीटरवरचा वेग चांगला आणि तीनच्या खालचा शंकास्पद धरला होता. सळई गंजते आहे का, हे विद्युत विभवावरून पाहतात. उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलेल्या आकड्यांचा अर्थ तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. रिबाउंड हातोडीचा आकडा पृष्ठभागाच्या कठीणपणाचा असतो, त्यामुळे एकट्या त्यावर निकाल देऊ नये.

ऑडिटनंतर मुंबई महापालिका इमारतींचे गट पाडते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणं. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच करायची संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. गट कळला, की पुढचे प्रश्न विचारा: सुचवलेली दुरुस्ती झाली का, कोणत्या वर्षी झाली, खर्च वसूल झाला की अजून वर्गणी यायची आहे? दुरुस्तीनंतरचं प्रमाणपत्र दिलं आहे का, हेही विचारा.

कोणाकडून आणि केव्हा?

इंजिनिअर आपण शोधलेला असावा. एजंटने किंवा विकणाऱ्याने सुचवलेला माणूस प्रामाणिक असू शकतो, पण त्याला पुढचं काम त्यांच्याकडूनच मिळणार असतं. तो महापालिकेचा परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे का, हे विचारा. दुरुस्तीचं कंत्राट तोच घेणार असेल तर दुसरा माणूस बघा. काय पाहणार आणि काय पाहणार नाही, हे आधी लिहून घ्या. अहवाल सही-शिक्क्यासह, फोटोंसह मागा.

वेळेचं म्हणाल, तर पावसाळा उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये गळती लपत नाही. एप्रिल-मेमध्ये नव्या रंगाने झाकलेलं घर पाहत असाल तर फॉल्स सीलिंगचा एखादा पॅनेल काढून आतली बाजू दाखवायला सांगा, कपाटांच्या मागच्या भिंती बघा. व्यवहाराच्या दृष्टीने तपासणीची जागा टोकन आणि साठेखत यांच्या मध्ये आहे. टोकन देतानाच पावतीवर लिहून घ्या, की तपासणीत मोठा दोष निघाला तर रक्कम पूर्ण परत मिळेल. हे वाक्य लिहायला विकणारा तयार नसेल, तर घाई करू नका.

अहवाल आल्यावर तीन रस्ते उरतात. दोष किरकोळ असतील तर घ्या. दुरुस्ती मोठी पण होण्यासारखी असेल तर तिचा खर्च किमतीतून वळता करून घ्या आणि सोसायटीची येणी विकणारा भरेल, हे साठेखतात घाला. गाभ्यातच दोष असेल तर सोडून द्या. तिसरा निर्णय अवघड वाटतो, कारण घर आवडलेलं असतं, मुलांची शाळा जवळ असते, मनातल्या मनात सामानही लावून झालेलं असतं. तरीही तो घ्यायची तयारी ठेवा.

घराच्या किमतीपुढे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं शुल्क फार थोडं असतं. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली यांचे पैसे आपण काचकूच न करता बाजूला काढतो. त्याच यादीत तपासणीचा खर्चही पहिल्या दिवसापासून लिहा, आणि इंजिनिअरला फ्लॅटच्या दाराशी नेण्याआधी गच्चीवर आणि पार्किंगमध्ये घेऊन जा.